पपांची कॉफीची वाइन

पपांनी बरणीला कान लावला आणि हाताने मला गप्प राहायची खूण केली. मी काही बोलत नव्हतेच. पोह्यांची बशी घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

"काही नाही," ते म्हणाले. "स्टार्टच घेत नाही."

"पपा, पोहे गार होतायत."

"चौथा दिवस आज. टाकी भरलेली आहे, बॅटरी चार्ज आहे, सेल्फ मारतोय, पण इंजिन पकडत नाही."

पपांची एकतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात गेली होती. रिटायर होऊन अकरा वर्षं झाली तरी सर्दी झाली की त्यांचा कार्ब्युरेटर चोक होत असे आणि गुडघा दुखला की बुश झिजलेला असे. पण या वेळी त्यांच्या बोलण्यात गंमत नव्हती. बरणीवरचं फडकं त्यांनी पुन्हा नीट बांधलं, दोऱ्याला दोन गाठी मारल्या आणि पोह्यांकडे न बघता म्हणाले, "गारठ्यामुळे असेल. दुपारी उन्हात ठेवू."

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता. वसईला तेव्हा गारठा कसला, मी पंखा लावून झोपत होते.

बरणी आईची होती, पाच लिटरची, चिनी मातीची. दर वर्षी पावसाळा सरला की आई तिच्यात मनुकांची किंवा सुकवलेल्या जांभळांची वाइन घालायची. मूठभर गहू, साखर, यीस्ट, आणि एकवीस दिवस रोज सकाळी लाकडी पळीने एकदा ढवळणं. नाताळात आमच्या आळीत घरोघरी वाइन असायची, पण पाहुण्यांना दाखवायला म्हणून लोक आईकडून बाटली मागून न्यायचे. पपांचा त्यात हात नव्हता. ते फक्त प्यायचे, आणि दर वर्षी "गेल्या वर्षीची जास्त चांगली होती" म्हणायचे.

आई जानेवारीत गेली. सप्टेंबरात पपांनी बरणी माळ्यावरून काढली, धुतली आणि तिच्यात कॉफी घातली. कॉफीची वाइन. असलं काही आमच्या गावात कोणी ऐकलं नव्हतं. पपांनी कुठल्याशा मासिकातलं कात्रण जपून ठेवलं होतं, त्यात चार ओळींची कृती होती. पहिली खेप सप्टेंबरात फुकट गेली, दुसरी ऑक्टोबरात. ही तिसरी.

एरवी मला या वाइनशी काही देणंघेणं नसतं. पण जुलैत पपा न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. शेजारच्या बेनेडिक्टाकाकींनी दोन तासांनी हाक मारली आणि उत्तर आलं नाही म्हणून दार ढकललं. तेव्हापासून मी त्यांच्या मागे लागले होते की पुण्याला चला. मी कॉलेजच्या ग्रंथालयात, नवरा कामानिमित्त महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी, मूलबाळ नाही; घरात एक खोली रिकामी होती. त्यांची एकुलती एक मुलगी मी. आणखी कोण होतं त्यांना? पपा नाही म्हणत नव्हते. ते म्हणायचे, "ही वाइन झाली, वर्षाच्या मिस्साला सगळ्यांना एकेक घोट दिला, की कुलूप लावतो."

"आणि नाही झाली तर?"

"तर परत घालीन."

वर्षाचा मिस्सा, म्हणजे आईच्या वर्षश्राद्धाची चर्चमधली प्रार्थना, नऊ जानेवारीला होता. वाइन मुरायला आठ आठवडे तरी हवेत. म्हणजे ही खेप लागली तर पपा माझ्याकडे येणार होते, नाही लागली तर त्याच न्हाणीघरात, त्याच गुळगुळीत फरशीवर एकटे. मी दहा दिवसांची रजा काढून आले होते. त्यातले सहा संपले होते. रविवारी मला निघायचं होतं.

"पपा, मी वाचलंय याच्याबद्दल," मी म्हणाले. खरंच वाचलं होतं. ग्रंथालयात आंबवण्यावरची तीन पुस्तकं होती, तिन्ही चाळून आले होते. "नुसत्या कॉफीत यीस्टला खायला काही नसतं. साखर असते, पण साखरेवर ते जगत नाही. मूठभर मनुका टाका. आई टाकायची तशा."

"नाही."

"लिंबू तरी पिळा."

"नाही. मनुका टाकल्या की मनुकांचा वास येणार. लिंबाने लिंबाचा. मला कॉफीचाच पाहिजे."

"मग ती लागणार नाही."

"पुस्तक लिहिणाऱ्यानं कधी बरणी धुतली होती का?"

"तुम्ही तरी कधी धुतली होती?"

हे मी बोलायला नको होतं. पपांनी बशी उचलली आणि उभ्याउभ्याच पोहे खाल्ले.

थोड्या वेळाने कुंपणाच्या पलीकडून बेनेडिक्टाकाकी आल्या. काकी आणि आई पस्तीस वर्षांच्या शेजारणी. रोज एकदा भांडायच्या आणि रोज एकदा एकमेकींच्या घरी जेवायच्या. काकींच्या हातात वाटी होती, भोपळ्याच्या भाजीची.

"काय इनास, गाडी सुटली का डेपोतून?"

"सुटेल."

"मला वास येतोय हो रोज. वाइन करतोयस का डिझेल?" त्या माझ्याकडे वळल्या. "वेरा, तू तरी सांग बापाला. दुखवट्याच्या घरात वर्षभर वाइन घालत नाहीत. म्हणून लागत नाही ती. मार्था असती तर तिनं बरणीला हात लावू दिला असता का याला?"

"ही नाताळची नाही," पपा म्हणाले. "मिस्साची आहे."

"मग जांभळाची कर. मी करून देते. लोकांना पिववेल तरी. कॉफीची वाइन म्हणे! उद्या चहाची दारू काढशील."

"काकी, राहू द्या," मी म्हणाले.

"राहू द्या काय? लोक येणार मिस्साला, तिचा भाऊ येणार इतक्या लांबून. त्यांच्यापुढे हे काळं पाणी ठेवणार?"

मला काकींचं पटत होतं, हेच मला सहन होत नव्हतं. आईच्या नावाने घोट द्यायचा तर आईची वाइन द्यावी. तिच्या वहीत सगळी मापं होती. ते सोडून पपा हट्टाने भलतंच काहीतरी करत होते, आणि तेही धड होत नव्हतं. दुपारी मी शांतपणे म्हटलं, "बरं, कॉफीचीच करा. पण ही खेप टाकून द्या आणि नव्याने घालू. मी स्टेशनवरून ताजी पावडर आणते."

पपा असे ओरडले की अंगणातला काकींचा कुत्रा उठून उभा राहिला.

"बाजारची पावडर या घरात येणार नाही!"

"का नाही?"

"नाही म्हणजे नाही."

कॉफीचा डबा ओट्यावर उघडा पालथा घातलेला होता. तिन्ही खेपांना मिळून तो संपला होता. चिखलदऱ्याहून येशुदासमामा दर वर्षी आईला कॉफी पाठवायचे. मेळघाटात त्यांच्या घरामागे तीसेक झाडं आहेत. मला वाटलं, पपांना ती घरची कॉफी वाया घालवायची नाही. आहे त्यात भागवायची त्यांची जुनी खोड. तुटक्या पान्याने तीस वर्षं काम करणारा माणूस. मी दुसरं काही मनात आणलं नाही.

गुरुवारी पपांना हयातीचा दाखला द्यायला बँकेत जायचं होतं. नोव्हेंबरात सगळे पेन्शनर तिथे रांग लावतात. साडेनऊला ते इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. फाटकातून परत आले, बरणीला कान लावला, आणि मग गेले.

मी फक्त मनुकांचं पाणी घालणार होते. मनुका उकळून, गाळून, तेवढं पाणी ओतायचं. पपांना कळणारही नाही. मी दोऱ्याच्या गाठी सोडल्या आणि फडकं उचललं. वर पांढरी साय धरली होती, सुरकुतलेली. वास आंबूस आणि कुबट होता, ओल्या गोणपाटासारखा. मी पळी घातली तेव्हा ती साय फाटली आणि तिचे तुकडे तरंगायला लागले.

असंच दोनदा झालं होतं आणि दोन्ही वेळा पपांनी स्वतः बरणी मोरीत रिकामी केली होती. या वेळी ते आणखी चार दिवस कान लावत बसले असते आणि मी निघून गेले असते.

मी रिक्षा करून स्टेशनच्या बाजारात गेले. कॉफीच्या दुकानातल्या माणसाने विचारलं, "चिकोरी किती टक्के मिसळू कॉफीत?"

"कुठलीही द्या. लवकर द्या."

बेकरीतून यीस्ट घेतलं, वाण्याकडून मनुका आणि साखर. परत आले तेव्हा अकरा वाजून गेले होते. बरणी मोरीत आडवी केली. सगळं काळं पाणी एकदम गेलं नाही, गुटगुट करत गेलं, आणि वर फेस राहिला. त्यावर दोन बादल्या पाणी सोडलं. बरणी गरम पाण्याने धुतली, पुसली. मनुकांचं पाणी काढलं, कॉफी उकळली, गाळली, साखर घातली, दोन लिंबं पिळली. मग सगळ्यांत कठीण काम, थांबणं. पातेलं कोमट झाल्याशिवाय यीस्ट टाकायचं नाही, नाहीतर ते मरतं. पुस्तकात ठळक अक्षरांत होतं. मी पातेलं पाण्याच्या टबात ठेवलं, पंख्याखाली ओढलं, वर्तमानपत्राने वारा घातला. दर पाच मिनिटांनी करंगळी बुडवून बघत होते आणि फाटकाकडे कान होता. एक वाजता फाटक वाजलं. काकींचा कुत्रा होता.

दीडला बरणीवर फडकं बांधून झालं. पपांसारख्या दोन गाठी मारल्या. खिडक्या उघडल्या, कॉफीचा वास जावा म्हणून कांदा फोडणीला टाकला. पपा पावणेतीनला आले.

"मी जिवंत आहे हे एकदाचं पटलं त्यांना," ते म्हणाले. "अंगठा उमटत नव्हता. झिजलाय म्हणे."

ते थेट बरणीकडे गेले. कान लावला. मी कढई ढवळत राहिले.

"काही नाही," ते म्हणाले.

शुक्रवारी सकाळी मला जाग आली ती पपांच्या हाकेने. "वेरा! ए वेरा! इकडे ये आधी!" मला वाटलं पडले. धावत गेले. पपा बरणीपाशी गुडघ्यांवर बसले होते, झिजलेल्या बुशांसकट.

"ऐक," ते म्हणाले. "कान लाव."

मी कान लावला. आतून बारीक चरचर येत होती.

"पकडलं!" पपा म्हणाले. "बघ, फडकं वर आलंय. एअर लॉक होता नुसता. तुझी पुस्तकं काय सांगत होती? मनुका टाका म्हणे!"

"चुकलं माझं."

"बेनेडिक्टाला बोलाव. म्हणावं, गाडी सुटली."

काकी आल्या, त्यांनीही कान लावला, आणि क्रूसाची खूण करून म्हणाल्या, "मार्थाचाच आशीर्वाद. नाहीतर याच्या हाताने दूधसुद्धा विरजत नाही." पपा हसले. दहा महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मलाही हसू आलं. मला बरंच वाटत होतं, खोटं कशाला सांगू. जमलं म्हणून बरं वाटत होतं. दुपारी मी पुण्याच्या घरात त्यांचा पलंग कुठे ठेवायचा ते फोनवर नवऱ्याशी ठरवून टाकलं.

शनिवारी संध्याकाळी पपा ओटीवर बसले होते. मी त्यांच्या शर्टाची बटणं लावत होते. ते आपणहून बोलायला लागले. असं ते कधी करत नसत.

"कॉफी किती टिकते, तुला माहीत आहे? पावडर. डबा घट्ट लावला तरी सहा महिने. वास उडून जातो. ऑगस्टमध्ये मी डबा उघडला, तर अर्धा गेला होता."

"हं."

"वाइनमध्ये मुरला की राहतो म्हणतात. वर्षानुवर्षं. खरं की खोटं कोण जाणे. म्हटलं, राहील तेवढा राहील."

मी सुई थांबवली. "कसला वास, पपा?"

"ती पावडर तिनं केलेली. ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी. येशुदासच्या बिया तशाच पडल्या होत्या कच्च्या. उभं राहवत नव्हतं तिला. स्टूल घेऊन बसली स्टोपुढे, बसून बसून भाजली. मी म्हटलं, आता कशाला? तर म्हणाली, आल्यावर लागेल."

काकींच्या अंगणात कोणीतरी बादली ठेवली, तिची कडी वाजली.

"दळायला मी बसलो, तर म्हणाली, तुम्ही जाड दळता." पपांनी तळहात चोळले. "मी काय, चहावाला. कडू तोंडात धरवत नाही मला. पस्तीस वर्षं ती दुपारी चारला तो कप घेऊन एकटी बसायची आणि मी चहाचा कप घेऊन पेपर वाचायचो. आधी आधी म्हणायची, एक घोट घ्या तरी. नंतर म्हणायची सोडली. आता सवड झाली तर डबाच राहिला. नुसती कॉफी करून पाहिली गं एकदा, नाही गेली घशाखाली. म्हटलं वाइन म्हणून जाईल. साखर असते, थोडी चढते. मिस्साच्या दिवशी तिच्या नावानं पिऊन टाकू. दोन खेपा फुकट घालवल्या मी. हिच्यात शेवटचं होतं. म्हणून मनुका नको म्हणत होतो. तू म्हणत असशील, म्हातारा हेकट आहे."

मी बटण लावलं. दोरा दाताने तोडला. त्या वेळी सांगायला हवं होतं. मी मोरीवरून आत गेले आणि त्यांची गोळ्यांची डबी भरत बसले, सोमवार, मंगळवार, बुधवार. रविवारी मी निघाले. पपा फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "रोज ढवळीन. काळजी करू नको."

जानेवारीत मिस्सा झाला. दफनभूमीत जाऊन आईच्या क्रूसाला हार घातला, मेणबत्त्या लावल्या आणि सगळे घरी आले. पंधराएक माणसं होती. येशुदासमामा दोन दिवसांचा प्रवास करून चिखलदऱ्याहून आले होते. सवयीने त्यांनी कच्च्या कॉफीची पिशवी आणली होती आणि घरात आल्यावर ती कुणाच्या हातात द्यावी हे न कळून बराच वेळ बगलेत धरून उभे होते. शेवटी मी ती घेतली.

पपांनी वाइन स्वतः ओतली. छोट्या पेल्यांत, बोटभर. रंग सुंदर आला होता, गर्द तांबूस काळा. बाटलीच्या तळाशी त्यांनी जरासाही गाळ राहू दिला नव्हता. सगळ्यांना देऊन झाल्यावर त्यांनी आपला पेला उचलला. डोळे मिटले आणि घोट घेतला.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आधी भुवया वर गेल्या. मग ओठ आत ओढले गेले. त्यांनी घोट मोठ्या कष्टाने गिळला, डोळे उघडले आणि सगळ्यांकडे पाहिलं.

"अरे देवा," ते म्हणाले. "हे पीत होती ती?"

काकींनी आपला पेला ठेवला आणि पदर तोंडाला लावला. "इनास, हे तर काढा आहे!"

"पस्तीस वर्षं?" पपा म्हणाले. "रोज?"

आणि ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग मोठ्याने. मग सगळेच हसले. काकी म्हणाल्या, "मी म्हणायचे तिला, मार्था, दूध घाल गं त्यात, अंगाला लागेल. ऐकलं तर शपथ." कोणी म्हणालं, बिचारी माहेरची आठवण म्हणून पीत असेल. कोणी म्हणालं, म्हणूनच कडक होती स्वभावाने. पपांनी डोळे पुसले आणि उरलेला पेला एका दमात संपवला, औषध घेतात तसा. "तुझ्या नावानं," ते वर बघून म्हणाले. "पण परत नाही मागायचं."

आईची कॉफी मी प्यायले होते. लहानपणी ती बशीत शेवटचा घोट ओतून द्यायची. जळक्या गुळासारखी होती ती, आणि मागून संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी जिभेवर राहायचं. ती कडू होती पण घाणेरडी नव्हती. पंधरा माणसं आईच्या कॉफीला हसत होती आणि त्यांच्या पेल्यांत आईची कॉफी नव्हती. मला ओरडून सांगायचं होतं. माझ्या हातातला पेला तसाच होता. मी तो तोंडाला लावला. चिकोरीचा जाड, मातकट कडवटपणा, त्यावर लिंबू. पपांचं काही चुकत नव्हतं.

येशुदासमामांनी एक घोट घेतला होता. ते हसले नव्हते. त्यांनी पेल्याचा वास घेतला, पेला उजेडात धरला, आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"काय येशुदास?" पपा म्हणाले. "तुमच्या झाडांचा माल. रागावू नका."

मामांनी पेला खाली ठेवला. "माल चांगलाच आहे, भावजी," ते म्हणाले. "वाइन करणाऱ्याला नाही जमली."

यावर पुन्हा मोठा हशा झाला. पपा सर्वांत जास्त हसले.

माणसं पांगल्यावर मी मोरीपाशी पेले घासत होते. मामा येऊन शेजारी उभे राहिले. एकेक पेला घेऊन पुसायला लागले.

"काय करून ठेवलं वेरा?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता.

मी सगळं सांगितलं. साय, मोरी, दोन बादल्या पाणी, चिकोरी किती टक्के ते न बघता आणलेली पावडर. फार वेळ लागला नाही सांगायला.

"तिचीच भाजलेली होती का ती?"

"शेवटची."

मामा एकच पेला पुसत राहिले. "आमच्या घरी आईनं शिकवली होती तिला भाजायला. मी कितीदा पाहिलं, पण मला नाही येत तशी. कधी काढायची ते तिला वासावरून समजायचं." त्यांनी पेला ठेवला. "भावजींना काहून नाही सांगितलं?"

"ते आले नसते माझ्याकडे."

"आता?"

"आता काय सांगू? तुम्ही पाहिलं ना ते कसे हसले?"

"तेच म्हणून राहिलो." मामांनी फडकं खुंटीला लावलं. "सांगायचं असेल तर आता जाऊन सांग. मी आहे इथं. आज रडतील, मी बसतो त्यांच्यापाशी. वर्षा-दोन वर्षांनी सांगायचं असेल, तर मग नको सांगू."

मी हात पुसले आणि ओटीवर गेले.

पपा आरामखुर्चीत होते. बूट काढले होते, पाय स्टुलावर. गेलं वर्षभर त्यांच्या कपाळावर एक उभी घडी पडलेली असायची. ती दिसत नव्हती. मला पाहून त्यांनी शेजारची खुर्ची पायाने सरकवली.

"बस. येशुदास रागावला का गं?"

"नाही."

"मी उगाच हसलो. पण हसू आवरेना. तुला सांगतो, वर्षभर मी एकाच गोष्टीचा विचार करत होतो. की मी तिला पस्तीस वर्षं एकटीला बसवलं. एक घोट घ्यायचा होता, काय बिघडलं असतं? रात्री तेच, सकाळी तेच. आणि आज प्यायलो तर..." त्यांचे खांदे पुन्हा हलले. "नसतंच जमलं मला, वेरा. एक दिवस नसतं जमलं. तिलाही ठाऊक असणार. म्हणून तर तिनं आग्रह सोडला. उगाच जीव खाल्ला मी स्वतःचा."

"पपा," मी म्हणाले.

"हं?"

ते माझ्याकडे बघत होते. थकलेले होते, पण चेहरा मोकळा होता. बँकेतून दाखला देऊन आले तेव्हासुद्धा इतके जिवंत दिसले नव्हते.

त्यानंतर पपा सहा वर्षं आमच्याकडे राहिले. पुण्यात त्यांचे मित्र झाले, बागेत पत्ते खेळायला जायचे, आणि कुठे कॉफीचा विषय निघाला की ही गोष्ट रंगवून सांगायचे. माझ्या बायकोला जगातली सर्वांत वाईट कॉफी करता यायची, असं म्हणून सुरुवात करायचे. ऐकणारे हसायचे. मी आत निघून जायचे. येशुदासमामा गेले. या मार्चमध्ये पपाही गेले. आता ती कॉफी कशी होती हे सांगू शकेल असं माणूस मी एकटीच उरले आहे, आणि सांगायचं कुणाला, ते मला कळत नाही.

पण त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसले होते, आत मामा उभे होते, आणि मी तोंड उघडलं होतं.

"काय गं?" पपा म्हणाले. "बोल ना. कधी निघायचं ते विचारतेयस का? मी तयार आहे. इथलं काम झालं माझं."

"रविवारी," मी म्हणाले. "स्वेटर घ्या बरोबर. पुण्यात थंडी आहे."